पहिलीच आकृती बरोबर यावी, हा हट्ट

मी नागपुरात विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते. सत्र निम्मे सरले की माझ्याकडे येणाऱ्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: “मॅडम, प्रोग्राम लिहिता येतो, पण डिझाइन सुचत नाही.” मुले हिंगणा रस्त्यावरच्या महाविद्यालयांतली असोत की वर्धा रस्त्यावरच्या, वाक्य बदलत नाही, आणि ‘आपल्यात इंजिनिअरिंगचे डोकेच नाही’ हा त्यामागोमाग येणारा निष्कर्षही बदलत नाही. विषय असतो ऑब्जेक्ट ओरिएंटेड अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन. पालकांसाठी थोडक्यात सांगायचे, तर यात विद्यार्थ्याला ग्रंथालय, एटीएम, रुग्णालय अशा एखाद्या व्यवहाराचे वर्णन दिले जाते. त्या व्यवहारातले घटक म्हणजे क्लास कोणते, प्रत्येकाजवळ कोणती माहिती असावी, कोणते काम कोणी करावे आणि त्यासाठी कोणी कोणाला विचारावे, हे त्याने ठरवायचे आणि यूएमएल या 1997 पासून प्रमाण मानल्या गेलेल्या चिन्हपद्धतीत रेखाटायचे असते. बारावीपर्यंत ज्यांनी फक्त उत्तर असलेलेच प्रश्न सोडवले, त्यांच्या हाती प्रथमच असा प्रश्न येतो की ज्याची चार उत्तरे चालतात आणि चाळीस चालत नाहीत.

अशांपैकी एका विद्यार्थ्याविषयी, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे. यवतमाळकडचा हा मुलगा धरमपेठेत खोली घेऊन राहत होता. आमच्या अनेक भेटींतले थोडेच संवाद येथे देते.

“बारावीला गणितात पैकीच्या पैकी होते, मॅडम. आता रात्रभर बसतो, पण कागद कोराच राहून राहिला. काढतो आणि खोडतो.”

“खोडतोस कशासाठी?”

“चुकलेले असते.”

“चुकले हे कशावरून ठरवतोस?”

“सरांची आकृती वेगळी आहे.”

“वर्गात या विषयात जी मुलगी सर्वांत पुढे आहे, तिची आकृती सरांसारखीच आहे का?”

तो थोडा थांबून म्हणाला, “नाही. तिची तिसरीच आहे.”

“आणि गुण?”

“तिला चांगले मिळाले.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझ्या कामाची बैठक आहे. माणसाला त्रास देते ती घटना नव्हे, तर त्या घटनेला त्याने मनातल्या मनात घातलेली अट, असे ही विचारसरणी सांगते. या मुलाची अट ‘मला डिझाइन यायला हवे’ ही नव्हती. तशी असती तर ती त्याला अभ्यासाकडे घेऊन गेली असती. त्याची अट ‘पहिल्याच रेघेपासून बरोबर आले पाहिजे, नाहीतर मी नालायक’ अशी होती, आणि ही अट पाळून डिझाइन करणे कोणालाच शक्य नसते. त्याने कित्येक रात्री केवळ एका प्रश्नावर घालवल्या होत्या: दोन क्लासमधले नाते दाखवणाऱ्या रेघेच्या टोकाशी हिऱ्याच्या आकाराची खूण काढताना ती पोकळ ठेवावी की भरीव. एका परिचित प्राध्यापकांना मी याविषयी विचारले तेव्हा ते हसले. भरीव हिऱ्याचा अर्थ पक्का आहे, परंतु पोकळ हिऱ्याचा नेमका अर्थ विषयक्षेत्रानुसार आणि आकृती काढणाऱ्यानुसार बदलतो, असे यूएमएलच्या अधिकृत प्रमाण दस्तऐवजातच नमूद आहे, असे त्यांनी सांगितले. ज्या ठिकाणी प्रमाण ठरवणाऱ्यांनीच मोकळीक ठेवली, तेथे आमचा विद्यार्थी स्वतःला शिक्षा करीत बसला होता.

पुढच्या भेटीत मी त्याला संगणक बंद ठेवायला सांगितले आणि पोस्टकार्डाएवढे कागद त्याच्यापुढे ठेवले. ही युक्ती माझी नाही. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी 1989 मध्ये नवशिक्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने विचार करायला शिकवण्यासाठी ती मांडली. एका कागदावर एक क्लास, त्याच्या नावाखाली त्याच्या जबाबदाऱ्या, आणि बाजूला तो कोणाची मदत घेतो त्यांची नावे, एवढेच त्यात असते. विषय मात्र मी निवडला: तो ज्या मेसमध्ये जेवत होता, तिचा हिशेब.

त्याने ‘मेस’, ‘मेंबर’, ‘बिल’ असे कागद केले. थोड्याच वेळात ‘मेस’चा कागद काठोकाठ भरला आणि इतर रिकामे राहिले. सगळी कामे एकाच क्लासच्या गळ्यात घालणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष असल्याचे मला ठाऊक होते, पण मी तो दाखवला नाही. ‘मेंबर’च्या कागदावर ‘खाडे: 4’ असे लिहिलेले दिसले, त्यावर बोट ठेवून मी विचारले, “दिवाळीत गावाला गेलास, तेव्हा किती पैसे कापले गेले?”

“कापलेच नाहीत, मॅडम. काकू सलग दोन दिवसांच्या वरचाच खाडा धरतात, आणि तोही आदल्या दिवशी सांगावा लागतो. मी सांगितला नव्हता.”

“हे तुझ्या चार या आकड्यात कुठे दिसते?”

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग बोलू लागला तो मला उद्देशून नव्हे. “म्हणजे खाडा नुसता आकडा नाही. कधीपासून, कधीपर्यंत, कळवला कधी... धरायचा की नाही, हे त्यानेच सांगितले पाहिजे. मग बिल मेंबरला नाही, खाड्याला विचारेल.” त्याने ‘खाडे: 4’ यावर आडवी रेघ मारली आणि न विचारता नवा कागद ओढून त्यावर ‘खाडा’ असे लिहिले.

त्या रेघेकडे मी आजही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधते. तोवर प्रत्येक खाडाखोडीबरोबर “सॉरी मॅडम” येत असे. या वेळी ते आले नाही. खोडणे ही शिक्षा न राहता कामाचा भाग झाले, तो हा क्षण होता. शिवाय खोडलेला आकडा निरुपयोगीही नव्हता, कारण तो लिहिला नसता तर ‘हे यात कुठे दिसते’ हा प्रश्न विचारताच आला नसता. अपुरी आकृती ही चांगल्या आकृतीची आधीची अवस्था असते, हे मी त्याला सांगितले असते तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा कागद कोराच ठेवला असता. ते त्याच्या हाताला कळणे आवश्यक होते, आणि तेवढ्यासाठी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे हे माझे काम होते. ते साधले, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट मी आता या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या जाणकारांनी 1986 मध्ये एका लेखात स्पष्ट लिहिले की आदर्श क्रमाने डिझाइन कोणीच करीत नाही, कारण गरजा सुरुवातीला पूर्ण कळत नाहीत, तपशील काम करता करता उघडतात आणि माणसे चुका करतात. तरीही अखेरीस मांडणी मात्र जणू सर्व काही त्या क्रमानेच घडले अशी करावी, कारण वाचणाऱ्याला तीच उपयोगी पडते, असेही त्यांनी सुचवले. पाठ्यपुस्तकातली स्वच्छ आकृती अशी शेवटची असते. तिची बरोबरी आपल्या पहिल्या आकृतीशी करणारा विद्यार्थी हरणारच, आणि त्या हरण्याचा त्याच्या कुवतीशी काहीही संबंध नसतो.

त्यामुळे माझा सल्ला असा की पहिली आकृती वीस मिनिटांत, कागदावर, वाईट येणार हे गृहीत धरूनच काढावी. संगणकावरची साधने आकृतीला नको तितकी लवकर देखणी करतात आणि मग तिला हात लावायचे धाडस होत नाही. ती फाडू नये, तारीख टाकून ठेवावी. नंतर एखादा प्रसंग घेऊन त्या आकृतीतून चालून पाहावे: मेंबरने खाडा सांगितला, तो कोणी ऐकला, कोणी लिहिला, महिनाअखेरीस कोणी मोजला? प्रत्येक प्रश्नाला एकच क्लास उत्तर देत असेल तर त्याची कामे वाटून द्यावीत, आणि एखाद्याला कधीच काही काम पडत नसेल तर त्याला निरोप द्यावा. प्रत्येक निर्णयाशेजारी त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. परीक्षेत प्रश्न मोघम वाटला तर आपण काय गृहीत धरले ते उत्तराच्या आरंभी नमूद करावे. चार उत्तरे शक्य असतात तेथे तपासणाऱ्याला आपली वाट दाखवण्याचा तोच मार्ग असतो.

येथे एक अपवादही सांगितला पाहिजे. ज्याने कधी दोनशे ओळींहून मोठा प्रोग्राम लिहिलेलाच नाही, त्याला डिझाइनची गरज जाणवणारच नाही, आणि त्याची अडचण समुपदेशनाने सुटणार नाही. त्याने आधी एक मोठा, विस्कळीत प्रोग्राम लिहावा आणि महिन्याभराने त्यात एखादा बदल करून पाहावा. असे सांगणे समुपदेशकाच्या कक्षेबाहेरचे आहे, असे माझे काही सहकारी मानतात; मी मानत नाही.

या मुलाच्या वडिलांनी फोनवर विचारले होते, “लाइन बदलून द्यावी का?” हा प्रश्न मला पालकांकडून वारंवार येतो, विशेषतः ‘मिहानमध्ये’, म्हणजे नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पात, ‘नोकरी’ हे स्वप्न घरात आधीच ठरलेले असते तेव्हा. एका विषयाच्या एका सत्रावरून शाखा बदलू नये, असे मी त्यांना सांगितले, आणि मुलाला गुणांऐवजी ‘आज काय खोडलेस आणि का’ असे विचारायला सुचवले. वडिलांनी ते खरोखर विचारले, असे मुलगा नंतर म्हणाला. त्याला त्या सत्रात मध्यम गुण मिळाले. तोंडी परीक्षेत ‘खाडा’ वेगळा क्लास का, या प्रश्नावर मात्र परीक्षकांशी त्याची चांगली चर्चा झाली, आणि त्यांनी सुचवलेली दुसरी रचना कोणत्या नियमांसाठी सोयीची ठरेल, हेही त्याने सांगितले.

पण सगळीच मुले कोऱ्या कागदापुरती अडकलेली नसतात. झोप उडणे, जेवण टाळणे, मित्रांशी बोलणे बंद करणे किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे बोलून दाखवणे, यांपैकी काही दिसत असेल तर विषय कोणता आहे याचा विचार न करता तातडीने मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत आणि मराठीत बोलता येते.