क्रिप्टो लायब्ररी सांभाळायला जर्मनीला येतोयस, तर आधी हे वाच

प्रिय निखिल,

तुझं पत्र मिळालं. पुण्यात चार वर्षं सी भाषेत काम केल्यावर जर्मनीतल्या एका कंपनीने तुला क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या, म्हणजे माहिती गुप्त ठेवणाऱ्या तयार कोडसंचाच्या, देखभालीची नोकरी देऊ केली आहे, आणि बाबा म्हणताहेत की दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळायला एवढ्या लांब कशाला जायचं. काम कसं असतं, व्हिसाचं काय, बायकोला, स्नेहाला, लगेच आणावं का, हे तू विचारलंस. अकरा वर्षं मी बॉनमध्ये हेच करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रिप्टो म्हटलं की लोकांना गणित दिसतं. गणित आहेच, पण ते जागचं हलत नाही. एईएस हे एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याचं, सूत्र २००१ साली प्रमाण ठरलं. आजही तेच आहे. बदलतात त्या ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि प्रोसेसर, आणि आपला सगळा दिवस त्यांच्यामागे जातो. रँडम आकड्यांचंच बघ. किल्ली, म्हणजे हे कुलूप उघडणारा गुप्त आकडा, तयार करायची तर सिस्टिमकडून रँडम बाइट मागावे लागतात. लिनक्सवर पूर्वी त्यासाठी एक खास फाइल उघडावी लागे. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, उघड्या फाइलींची मर्यादा संपली असेल तर ती उघडायचीच नाही. २०१४ साली लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ३.१७ आवृत्तीत गेटरँडम हा सिस्टिम कॉल आला आणि हा प्रश्न सुटला. पण विंडोजचं फंक्शन वेगळं, मॅकचं वेगळं, आणि जुन्या कर्नलवर अडकलेले ग्राहक असतातच. त्यांच्यासाठी ठेवलेल्या जुन्या वाटेने रोज कुणी जात नाही, त्यामुळे तिथली चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही.

लिब्रेएसएसएलचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीतली हार्टब्लीड ही गंभीर त्रुटी उघड झाल्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी तिच्यापासून लिब्रेएसएसएल वेगळी काढली. अतिशय काटेकोर माणसं. जुलैत लिनक्सवर चालणारी आवृत्ती आली आणि काही दिवसांतच त्यात दोष सापडला. फोर्क झाल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, रँडम जनरेटर नव्याने भरायचा, आणि फोर्क झाला की नाही हे प्रोसेस क्रमांकावरून ओळखायचं, अशी रचना होती. लिनक्सवर हे क्रमांक फिरून पुन्हा वापरले जातात. मूळ प्रोसेस संपून तिच्या नातवाला तिचाच क्रमांक मिळाला, तर नातवाला आजीचेच ‘रँडम’ बाइट मिळायचे. दुरुस्ती तातडीने झाली. गणितात काहीच चुकलं नव्हतं. एका सिस्टिमवर जे गृहीत धरायचं, ते दुसरीवर धरता येत नव्हतं. आपलं काम म्हणजे हेच, निखिल.

माझ्या वाट्याला आलेला असाच एक प्रकार सांगते. ६४ बिट विंडोजवर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला थेट दिलेल्या सूचनांत, फंक्शन लिहिताना एक्सएमएम ६ ते १५ ही रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे, जशीच्या तशी परत द्यावी लागतात. लिनक्सवर तसं बंधन नाही. आमच्या एका जलद फंक्शनमध्ये हे राहून गेलं होतं. एन्क्रिप्शन बरोबर, सगळ्या चाचण्या हिरव्या. पण ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये एन्क्रिप्शननंतरच्या बिलाच्या रकमा चुकायच्या, कारण त्याचे अपूर्णांक नेमके त्या रजिस्टरमध्ये ठेवलेले असत. शोधायला दोन आठवडे लागले.

दुसरी चूक कराडला, आईच्या लॅपटॉपवर सापडली. तिचं विंडोजवरचं नाव देवनागरीत आहे, ‘शुभांगी’, त्यामुळे फोल्डरही त्याच नावाचं. आमची लायब्ररी वापरणारा प्रोग्रॅम मी तिथे टाकला, तर ‘किल्लीची फाइल सापडत नाही’. फाइल डोळ्यांसमोर होती! आमचा कोड फाइलचं नाव विंडोजच्या जुन्या कोड पेजमधून, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यातून, पाठवत होता. जर्मन सहकाऱ्यांच्या नावातला ‘ऊमलाउट’, म्हणजे अक्षरावरची दोन टिंबं, त्यात बसतो, म्हणून त्यांना कधीच त्रास झाला नाही. मराठीसाठी तसं कोड पेजच नाही. ‘शुभांगी’ची सगळी प्रश्नचिन्हं झाली होती. आम्ही नाव आत युटीएफ-८ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीत ठेवून विंडोजच्या दारात तशाच युटीएफ-१६ मध्ये बदलायचं ठरवलं, आणि आता प्रत्येक बदलानंतर चाचण्या देवनागरी नावाच्या युजरखालीही चालतात. बाबांना हे सांग. दुसऱ्यांचा कोड सांभाळायला तू येशील, पण तुझ्या घरातले अनुभव इथे दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

आता पैशाचं, कारण इथे माणसं फसतात. जीएनयूपीजी हा ईमेल आणि फाइली एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम वर्नर कॉख यांनी १९९७ पासून जर्मनीत वाढवला. तो विंडोजवर आणायला जर्मनीच्या अर्थमंत्रालयाने पैसे दिले होते. इतकं होऊनही २०१५ च्या सुरुवातीला बातमी आली की कॉख यांच्याकडे काम चालू ठेवायला पैसे उरत नाहीत, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ सुरू झाला. २०२२ पासून इथे सरकारी सॉव्हरिन टेक फंड अशा मूलभूत सॉफ्टवेअरला पैसे देतो, ही जमेची बाजू. तरी मुलाखतीत स्पष्ट विचार: देखभालीचे तास पगारात धरलेत का, की ग्राहकाची कामं संपल्यावर उरलेल्या वेळात? माझ्या पहिल्या कंपनीने तोंडी हो म्हटलं आणि नंतर सगळी देखभाल शनिवारवर ढकलली. तेव्हा ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला परवानगी लागायची, आणि ती वर्षं मी दात-ओठ खाऊन काढली. आता नियम सैल आहे, पहिल्या १२ महिन्यांत बदललीस तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. तरीही लेखी घे.

बाकीचं थोडक्यात. तुझी पदवी आणि विद्यापीठ ‘आनाबिन’ या सरकारी यादीत आजच बघ. नाव नसेल तर समकक्षतेचं पत्र काढायला वेळ लागतो. कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन बी१ या मधल्या पातळीपर्यंत आलं तर २१ महिन्यांनी. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण डॉक्टरकडे आणि घरमालकाशी चालेलच असं नाही, म्हणून पुण्यातच शिकायला लाग. स्नेहाला व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागणार नाही आणि ती इथे नोकरीही करू शकेल. तरी परिविक्षेचे, म्हणजे नोकरीतल्या चाचणीकाळाचे, साधारण सहा महिने तू आधी एकटा ये, असं मला मनापासून वाटतं. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर. त्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. आणि सध्याच्या कंपनीचा एकही कोड लॅपटॉपमध्ये आणू नकोस. क्रिप्टोवर भारतातही निर्यातीचे नियम आहेत.

काम संपेल का, अशी भीती तुझ्या पत्रात दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकांपुढे टिकतील अशा तीन पद्धती अमेरिकेत प्रमाण म्हणून जाहीर झाल्या. त्या प्रत्येक सिस्टिमवर, प्रत्येक प्रोसेसरवर नीट बसवायच्या आहेत. आम्हाला माणसं कमी पडताहेत.

ऑफरमधलं कामाच्या स्वरूपाचं पान मला पाठव, दोघं मिळून वाचू. तोवर घरच्या विंडोजवर तुझ्या नावाचा, देवनागरीतला एक युजर काढ आणि त्यांच्या लायब्ररीच्या चाचण्या तिथे चालव. काही फेल झालं आणि ते सुरक्षेशी संबंधित वाटलं, तर जाहीर न करता आधी त्यांच्या सुरक्षा पत्त्यावर ईमेल कर.

तुझी,
मेधाताई