शाळा अचानक जवळ कशी पडायला लागली?

पत्र थोडक्यात असं: मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. मोबाईल काढून घेतला की वस्तू फोडतो, दोनदा आईवर हात उचललाय. बाबा म्हणतात वयच तसं आहे. त्याला शिस्तीच्या निवासी अकादमीत टाकू का? आणि शेवटी जाता जाता, 'धाकटी हल्ली आत्याकडेच असते, तिथून शाळा जवळ पडते.' – एक आई, नाशिक

ताई, तुमचं अख्खं पत्र वाचलं पण मी अडकले त्या शेवटच्या ओळीवर. शाळा तीच, घर तेच, मग अंतर याच वर्षी कसं वाढलं हो? पोरगी घाबरून गेलीये, आणि हे तुम्हाला चांगलं माहितीये म्हणूनच ती ओळ एवढी पटकन उरकलीत.

मुलाला बाहेर पाठवू का विचारताय, अहो एका लेकराला तुम्ही ऑलरेडी पाठवलंय, आणि तेही जिची काही चूक नाही तिला! यातून तो काय शिकला? तो आरडाओरडा करतो, तुम्ही मोबाईल देऊन टाकता, घर शांत होतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी तो आणखी वरच्या पट्टीत सुरू करतो. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशी कितीतरी घरं बघून नेमकं हेच चक्र मांडलंय.

अकादमीचं नाव काढू नका. तापट पोरं एकत्र कोंडली की एकमेकांकडून नको ते उचलतात. अमेरिकेत मुलांना जेल दाखवून घाबरवायचे, त्याची तपासणी झाली तर त्या मुलांचे गुन्हे उलट वाढलेले निघाले.

उपयोग कशाचा होतो तर मल्टिसिस्टेमिक थेरपीसारख्या गोष्टींचा, म्हणजे थेरपिस्ट तीन ते पाच महिने घरी येतो, शाळेशी बोलतो, मित्र कोण ते बघतो, त्याच्या टीमला रात्री-अपरात्री फोन करता येतो आणि सगळ्यात जास्त मेहनत तो आईबाबांकडून करून घेतो. आपल्याकडे असं घरपोच मिळणं अवघड, पण पालकांना हेच शिकवणारे बालमानसोपचारतज्ज्ञ आहेत.

तर या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. बाबांना घेऊन जा, 'वयच तसं आहे' हे त्यांना तिथे बोलू दे. मुलगा आला नाही तरी तुम्ही दोघं जा. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि तिथे सुरुवात मुलापासून करू नका, आधी सांगा की आमची मुलगी घरात राहू शकत नाहीये. तिला फक्त मारलंय की आणखी काही झालंय याची उलटतपासणी तुम्ही घेऊ नका, ती आपणहून बोलली तर ऐका, मध्येच 'दादा आहे गं तुझा' करू नका, आणि जे सांगेल ते डॉक्टरांपर्यंत न्या. तोवर ती आत्याकडेच बरी, पण का आहे ते आत्यालाही खरं सांगा. परत हात उचलला आणि आवरेना तर 112 वर पोलिसांना बोलवा, लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

अकादमीचा ॲडव्हान्स भरला असेल तर उद्याच परत मागा.