सीटीपी एटीकेसला अडवतो, मग हे कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन का नाही?

एटीकेस हे एन्झाइम ॲस्पार्टेट हा कच्चा माल घेऊन सीटीपी बनवण्याच्या वाटेची सुरुवात करतं, आणि सीटीपी हा त्या वाटेवरचा शेवटचा माल त्यालाच अडवतो. तुम्ही विचारलंय की ॲस्पार्टेट वाढवलं की सीटीपीचा अडथळा ओसरतो, मग हे कॉम्पिटिटिव्हच (म्हणजे अडवणारा कच्च्या मालाच्याच जागेवर बसून भांडतो असं) झालं ना? हेच उत्तर मी इथे इंदूरला एमएस्सीच्या व्हायवात छातीठोकपणे दिलं होतं. बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "सीटीपी बसतो कुठे?" माझी दातखीळ बसली.

आपल्याला फसवतो तो ॲस्पार्टेट आणि एन्झाइमच्या वेगाचा आलेख. भरपूर ॲस्पार्टेट घातलं की वेग जवळजवळ पूर्ण परत येतो हे खरं, पण त्यावरून दोघांची जागा एकच आहे असं ठरत नाही. गेरहार्ट आणि पार्डी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ई. कोलाय या जिवाणूमधलं एटीकेस थोडा वेळ तापवून पाहिलं, पाऱ्याची संयुगंही घालून पाहिली. एन्झाइम काम करतच राहिलं, पण सीटीपीला जुमानेना! जागा एक असती तर काम आणि लगाम दोन्ही एकदम गेले असते. पुढे १९६५ मध्ये गेरहार्ट आणि शाखमन यांनी एन्झाइमचे तुकडेच वेगळे काढले. आज माहीत आहे की त्याच्या बारा प्रथिन-साखळ्यांपैकी सहा काम करतात आणि उरलेल्या सहा लगाम धरतात. सीटीपी या दुसऱ्या सहांवर बसतो. मग रेणू आखडलेल्या अवस्थेकडे झुकतो आणि त्याची ॲस्पार्टेटवरची पकड ढिली पडते. ॲस्पार्टेट खूप झालं की तेच रेणूला उलट बाजूला, सैल अवस्थेकडे ओढतं. अडथळा ओसरतो तो असा.

आता शेवटचा माल अगदी सुरुवातीच्या पायरीलाच का अडवतो? सराफ्यात जिलबीवाल्याकडे बघा (घरात जिलबी, दुकानात जलेबी, आम्हा इंदूरकरांचं हे असंच). परात भरली की तो नवा घाणा सोडत नाही. पाकात बुडवणाऱ्याला थांबवलं असतं, तर तळलेल्या जिलब्या नुसत्या साचल्या असत्या. सीटीपीकडे जाणाऱ्या वाटेवर एटीकेस हा घाणा सोडणारा.

आणि कॉम्पिटिशन शोधायचीच असेल, तर ती त्या लगामाच्या जागेवर आहे. तिथेच एटीपी हा प्युरीन गटातला रेणूही बसतो आणि एन्झाइमला उलट चालना देतो. म्हणजे प्युरीन जास्त झालं की त्याच्या जोडीला लागणारं पिरिमिडीन (सीटीपीचा गट) बनवायला घ्या. खुर्चीसाठी भांडण आहे ते सीटीपी आणि एटीपीचं, ॲस्पार्टेट त्यात नाहीच.