काका-काकूंनी या वयात परत अमेरिकेला जाणं शहाणपणाचं आहे का?

प्रश्न: माझे काका (70) आणि काकू (66), दोघंही अमेरिकन नागरिक. चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीतलं घर विकून कायमचे पुण्यात आले. आता परत तिकडे जायचं म्हणतायत. या वयात अशी माघार घेणं बरोबर आहे का? जायचंच असेल तर तयारी काय करावी?

उत्तर:

तुमचा 'माघार' हा शब्द मला झोंबला. एरवी मी इथे नुसती वाचते, लिहीत नाही.

आम्ही दोघं 2018 च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर विकून कोथरूडला आलो आणि 2022 च्या ऑक्टोबरात परत एडिसनला गेलो. सासूबाई नव्वदीला टेकल्या होत्या, एकट्या होत्या, म्हणून आलो होतो. 2021 संपता संपता त्या गेल्या. मग एका सकाळी चहा घेताना दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आपण इथे का राहतोय असं कुणी विचारलं तर सांगायला काही उरलेलं नाही. लेक तिकडे, नातू तिकडे. ज्या कामाला आलो ते झालं, निघालो. निघायच्या आदल्या दिवशी धाकटे दीर भेटायला आले आणि सोफ्यावर टेकायच्या आत म्हणाले, "शेवटी नाहीच ना जमलं, वहिनी?" मी तेव्हा काट्यावर बॅगा तोलत होते, तेवीस किलोच्या वर काटा जात होता, म्हणून गप्प बसले. जमलं होतं, भावजी. साडेतीन वर्षं सासूबाईंचं सगळं अंथरुणावर आम्ही दोघांनीच केलं. तुम्ही दिवाळीला आणि चतुर्थीला येऊन फळं ठेवून जायचात. असो.

चूक आमची झाली, पण ती 2018 मध्येच, आणि ती ह्यांनी केली. ह्यांच्या अंगात सूर्याजी मालुसरे आला होता. दोर कापले की माणूस परतीचा विचार सोडतो आणि रमतो, असा ह्यांचा सिद्धांत. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की सिंहगड दिसतो. आल्या-गेल्या पाहुण्याला तिकडे हात करून ऐकवायचे. मग एकेक दोर कापला. वीस वर्षांचा मोबाइल नंबर सोडला. क्रेडिट कार्डं बंद केली. लायसन्स संपू दिलं. आणि मेडिकेअरचा, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पार्ट बी (डॉक्टर आणि भरती न होता घेतलेले उपचार यांचा भाग) रीतसर फॉर्म भरून बंद केला. "भारतातल्या उपचारांना मेडिकेअर दमडी देत नाही, मग दर महिन्याला 134 डॉलर पाण्यात कशाला घालायचे?" वरवर पाहता हिशेब बरोबर होता.

2021 मध्ये मला पासष्ट पूर्ण झाली. तेव्हा पार्ट बीचा हप्ता 148.50 डॉलर होता. "तुलाही नको," हे म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि पार्ट बी घ्यायचा अर्ज भरून पाठवला. पैसे माझ्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनमधून, परस्पर कापले जायचे. ह्यांना कळलं ते परतीची तिकिटं काढल्यावर.

उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बँकेच्या साइटवर गेलो, तर ओटीपी जुन्या नंबरवर. ह्यांनी हट्टाने स्वतःच्याच जुन्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक तरुण पोरगा. हे त्याला म्हणाले, "धिस इज माय नंबर." तो शांतपणे म्हणाला, "सर, यू कॉल्ड मी." फोन ठेवल्यावर हे बराच वेळ खिडकीशी उभे होते. मी हसले नाही. म्हणजे तेव्हा नाही. घर भाड्याने घ्यायला गेलो तर क्रेडिटच्या नावाने अलीकडची नोंदच नाही. त्याच गावात चोवीस वर्षं घराचे हप्ते न चुकता भरलेल्या माणसाच्या करारावर जावयाची सही लागली. सही करताना जावईबापू काही बोलले नाहीत, तेच ह्यांना जास्त लागलं.

आणि डिसेंबरात पायरीवरच्या बर्फावरून हे घसरले. मनगट मोडलं. इमर्जन्सीत नेलं, प्लास्टर घातलं, रात्री घरी पाठवलं. हॉस्पिटलात भरती करून घेतलं असतं तर पार्ट ए होता, तो दहा वर्षं नोकरी केलेल्याला फुकटच असतो. पण असं जाऊन-येऊन केलेलं सगळं पार्ट बीमध्ये येतं, आणि तो दोर कापलेला. एकदा सोडलेला पार्ट बी पाहिजे तेव्हा मिळत नाही. जानेवारी ते मार्च ही त्याची खिडकी. ह्यांचा सुरू झाला 1 फेब्रुवारी 2023 ला, तोही दंडासकट. पार्ट बी नसलेल्या दर पूर्ण वर्षाला दहा टक्के, म्हणजे ह्यांचे चाळीस, आणि ते जन्मभर. 2023 चा साधा हप्ता 164.90 डॉलर होता, ह्यांना पडला जवळपास 231. मूळ हप्ता वाढला की दंडही वाढतो.

ह्यांचा युक्तिवाद आजही असा की साडेचार वर्षांत आठेक हजार डॉलर वाचले, दंड महिन्याला 66, म्हणजे ब्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत मीच फायद्यात. 2023 चाच दंड कायम धरला तर आकडेमोड बरोबर आहे, मी तपासली. पण त्या आठ हजारांतले निम्म्याहून जास्त एका मनगटात गेले, ते ह्यांच्या वहीत 'इतर खर्च' म्हणून आहेत.

आता तुमचं. जाणं शहाणपणाचं का, हे काका-काकूंना ठरवू द्या. तुमच्यापेक्षा त्यांनी दोन्हीकडचं पाणी जास्त प्यायलंय. तयारी म्हणाल तर दातांचं, चष्म्याचं आणि कानाच्या यंत्राचं सगळं पुण्यातच उरकून घ्या, साध्या मेडिकेअरमध्ये ते बसत नाही. परत गेल्यावर औषधांचा पार्ट डी दोन महिन्यांच्या आत घ्यायला सांगा, परदेशात काढलेल्या काळाचा दंड त्याला लागत नाही. इथली बचत खाती एनआरओ (अनिवासी लोकांची खाती) करून घ्यावी लागतात, बँक आपण होऊन करत नाही. पुण्यातला फ्लॅट घाईने विकू नका. अनिवासी म्हणून विकला की घेणारा टीडीएस कापतो, तो परत मिळवायला सीएच्या खेपा. आमचा अजून आहे, थंडीत तीन महिने येतो. दुसरं म्हणजे लेकीच्या घरी मुक्काम महिन्या-दीड महिन्याच्या वर नको. लेक कितीही गुणी असली तरी तिच्या फ्रिजमध्ये आपली डब्यांची रांग लागायला लागली की निघावं.

एक राहिलंच. हे सगळं नागरिकांचं सांगितलं. त्यांच्या ओळखीत कुणी ग्रीन कार्डवाले असतील तर त्यांची गोष्ट निराळी. वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर रीएंट्री परमिट लागतं, त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि ते सहसा दोन वर्षांचंच मिळतं. न घेता चार वर्षं राहिलेल्याने आधी वकील गाठावा. लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे. ह्यांना पुन्हा लेखी परीक्षा द्यावी लागली, पहिल्या खेपेला पास झाले, हे लिही म्हणून आत्ता मागे उभे आहेत.

काकांनी येताना पार्ट बी बंद केला होता का, एवढं मात्र आजच विचारा. काकांना नको, काकूंना विचारा. आणि त्यांना पासष्ट इथेच पूर्ण झाली असेल, तर स्वतःचा अर्ज त्यांनी गुपचूप भरला होता का तेही. ते काका घरात नसताना विचारा.