आधी वही काढ, मग सरकारचं बोल

पोरी,

तुझा मेसेज वाचला तेव्हाच उत्तर लिहायला बसलेले, पण राग आला म्हणून मोबाईल बाजूला ठेवला. राग तुझ्यावर नाही गं, त्या प्रश्नावर. "काकू, आई म्हणते ह्या सरकारात घर बरं चाललंय, पप्पा म्हणतात पार वाट लागली, मी कुणाचं खरं मानू?" बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस तू, आणि हे मला विचारतीस? घरात एक वही नाही का तुमच्या?

मी कैक वर्षं पतसंस्थेची पिग्मी, म्हंजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा करत फिरले, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरीच्या गल्ल्या. तुला वाटतं त्यात काय शिकण्यासारखं, पण एक गोष्ट पक्की कळली. "लई भारी चाललंय काकू" म्हणणारा माणूस गपचूप शंभराची पिग्मी पन्नासवर आणायचा, आणि "काय खरं नाही, धंदा बुडाला" म्हणून रोज रडणारा किराणावाला वर्षाच्या शेवटी पोराच्या नावावर दुसरं खातं काढायचा. सरकार कुठलंही असू दे, हे तसंच. तेव्हापासनं मी माणसाच्या तोंडाकडं बघायचं सोडलं आणि वहीकडं बघायला लागले.

आता तुझ्या घरचंच बघ. आईला 17 मार्च 2023 पासनं एसटीत अर्धं तिकीट. पप्पांना पूर्ण, आणि जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं ते वेगळंच. दोघं एकाच गाडीनं गारगोटीला मामाकडं जातात, शेजारी शेजारी बसून, आणि गाडीतनं उतरल्यावर एक म्हणतंय स्वस्ताई झाली, एक म्हणतंय महागाई झाली. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून म्हणते, कुणाचं खरं हे विचारूच नको, दोघांची तिकिटं वहीत मांड आणि बेरीज बघ.

लाडक्या बहिणीचंही तेच. महिन्याला 1500, हप्ता कधी वेळेवर कधी मागंपुढं. त्याचे 2100 करू असं महायुतीनं 5 नोव्हेंबर 2024 ला आपल्या कोल्हापुरातच सभेत जाहीर केलेलं, तुझे पप्पा तेवढंच धरून बसलेत. आईचं तसं नाही. तिला 1500 चं मोल 1500 पेक्षा जास्त आहे, कारण ते तिच्या खात्यावर येतात आणि कुणाला न विचारता खर्च करता येतात. ह्याला मी हसणार नाही. पिग्मीचं कमिशन हातात पडायच्या आधी मी बांगड्या भरायला पण नवऱ्याकडं हात पसरत होते. पण तिला बरं वाटणं आणि घर बरं चालणं ह्या दोन गोष्टी आहेत आणि दुसरी फक्त वहीत सापडते, किती वेळा सांगू.

आणि तू मेसेजमध्ये मधीच सहज लिहून गेलीस की आईची चेन परत गहाण टाकली, मोठा फ्रीज आला, बाथरूमला नवीन फरशी बसली. अगं तेच तर मुख्य आहे! 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं, त्यामुळं त्याच चेनीवर आधीपेक्षा जास्त कर्ज मिळालं, घरात पैसा खेळायला लागला आणि सगळ्यांना वाटलं आपलं जरा बरं झालं. ते उसनं आहे बाई. वहीत आलेल्या पैशाच्या रकान्यात कर्ज लिहायचं नसतं, त्याला वेगळं पान. तुला कॉलेजात हे शिकवलं नसेल असं मी मानत नाही. मला तर दहावीनंतर बस म्हणाले घरचे, कॉमर्सला जायची लई इच्छा होती, अजून कुणाच्या हातात अकाउंटचं पुस्तक बघितलं की पोटात कसंतरी होतं. आणि तू ते पुस्तक शिकून आई-पप्पांच्या भांडणात पंच व्हायला बघतीस.

मोठ्या सर्वेचं म्हणशील तर रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरातल्या कुटुंबांना विचारते, वर्षापूर्वीपेक्षा बरं आहे का, पुढच्या वर्षी कसं असेल. 19 शहरं आहेत, महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर, कोल्हापूर त्यात नाही. गंमत बघ, बरीच वर्षं लोकांच्या आत्ताच्या मताचा आकडा शंभराच्या खाली राहिला, म्हंजे बिघडलंय म्हणणारे जास्त, आणि पुढच्या वर्षाची आशा मात्र वर. तीच माणसं. दुसरा सर्वे केंद्र सरकारचा, घरखर्चाचा. खेड्यात माणशी महिन्याचा खर्च 2011-12 ला 1430 रुपये होता, 2023-24 ला 4122. सरकारवाले म्हणणार बघा प्रगती, विरोधक म्हणणार ही तर महागाई. त्यात खाण्यावरचा वाटा साधारण 53 टक्क्यांवरनं 47 वर आला हे पण खरं, म्हंजे पोटापाण्याशिवाय दुसऱ्या गोष्टीला पैसा निघतोय. पण तो साठवणीतला का कर्जाचा, ते त्या आकड्यात दिसत नाही. तुमच्या वहीत दिसेल.

मांडायचं कसं ते पण सांगते, नाहीतर दिवाळीचा महिना आणि जून समोरासमोर ठेवशील. दिवाळीला बोनस, जूनला फी आणि वह्यापुस्तकं, मामाकडं कारखान्याचं उसाचं बिल आलं की सगळे राजे आणि ते संपलं की गोकुळच्या दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर घर. तेव्हा तोच महिना, मागच्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा. आलं, गेलं, उसनं घेतलं, उरलं. जुन्या पावत्या, बँकेचे मेसेज, दुकानदाराचं खातं, सगळं चाळ, निघतंय बरोबर. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, पेस्ट, शाम्पूवरचा जीएसटी 18 वरनं 5 टक्के झाला, तर तुमच्या महिन्याच्या वाणसामानात किती कमी झालं ते बघ, टीव्हीवर बघू नको.

आणि हे झालं की मग सरकार. त्याच्या आधी नाही! तिकीट, 1500, जीएसटी हे सरळ सरकारच्या निर्णयाचं, ते त्यांच्या नावावर मांड, चांगलं वाईट दोन्ही. पप्पांचा शिरोलीच्या फौंड्रीतला ओव्हरटाईम बंद झाला तो गाड्यांच्या ऑर्डरीवर चालतो, त्यात सरकारचा वाटा किती हे खरंच अवघड आहे, तिथं तू घाई करू नको. 2019 च्या पुरात तुमचं सामान गेलं, त्याचे हप्ते तुम्ही पुढं किती वर्षं फेडले, ते कुणाच्या नावावर टाकणार? मी कुणाला मत देते ते तुला सांगणार नाही, नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मला लोक चिक्कू म्हणतात हे ठाऊक आहे मला. माझी लेक अजून टोमणा मारते, मैत्रिणींची लग्नं मोठ्या हॉलमध्ये झाली आणि तिचं दारात मांडव घालून. मारू दे. एक दागिना गहाण न टाकता केलं मी ते लग्न आणि दुसऱ्या दिवशी कुणी वसुलीला दारात आलं नाही. तिला ते दिसत नाही कारण वही मी लिहिते, ती नाही. आज परत करायचं म्हटलं तरी तसंच करीन.

असो, माझं राहू दे. आई-पप्पांना सांग भांडण आठ दिवस थांबवा. आणि पहिलं काम म्हंजे चेनीच्या गहाणाची पावती शोध, बहुतेक आईच्या डब्यात असेल. मुदत कधी संपते, व्याज किती थकलंय ते बघ आणि फोटो काढून मला आजच पाठव. तारीख उलटली तर लिलावाची नोटीस येते. सरकारचं आपण नंतर बोलू.

तुझी
काकू