लिम्कात लिंबू असतं का? जुलाबात मुलाला द्यावा का?

सौंदत्तीच्या जत्रेहून आल्यापासून तुमच्या मुलाला जुलाब लागलेत आणि घरचे म्हणतायत, 'लिम्का पाजा, लिंबूच आहे.' आधी एवढंच ऐका: लिम्का देऊ नका, ओआरएस (पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पुडी) द्या.

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात हा समज घरोघरी आहे. चोर्ला घाटात मळमळलं की लिम्का, लग्नातलं जेवण बाधलं की लिम्का. मोठ्या माणसानं घाटात दोन घोट घेतले तर माझं काही म्हणणं नाही, चव मलाही आवडते. पण पार्लेनं काढलेलं आणि 1993 पासून कोका-कोलाकडं असलेलं हे पेय औषध नव्हे.

लिंबाचा रस असल्याची सगळी फसगत त्या पांढुरक्या रंगानं होते. घरी लिंबू पिळून ग्लास ठेवून द्या, थोड्या वेळानं गर खाली बसतो. लिम्का रात्रभर ठेवला तरी तसाच ढगाळ. तो ढग तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो. तेल वर येऊ नये म्हणून बाभळीच्या जातीचा डिंक आणि एस्टर गम (राळेपासून केलेला पदार्थ) घालतात. लेबलवरचे 414 आणि 445 हे आकडे त्यांचेच. आंबटपणा 330 चा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा. (पूर्वी अशा पेयांत ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल वापरत. भारतात त्यावर 1990 मध्ये बंदी आली, अमेरिकेत थेट 2024 मध्ये.)

जुलाबात अंगातलं पाणी जातं, तसं मीठही जातं. फार गोड पेय आतड्यात आणखी पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. ओआरएसमध्ये 100 मि.ली.ला ग्लुकोज फक्त 1.35 ग्रॅम, बाटलीवरचा साखरेचा आकडा त्याच्याशी ताडून बघा, घरच्यांनाही दाखवा.

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. चमच्या-चमच्यानं पाजा, उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून परत सुरू करा. अंगावर पीत असेल तर दूध तोडू नका. जेवत असेल तर मऊ भात, पेज चालू ठेवा. झिंकच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.