मालक नसलेले प्रश्न

अगं, तुझा मेसेज वाचला, कुठल्या संशोधनाला पैसे द्यावेत म्हणून विचारलंस ना, उत्तराला उशीर झाला कारण दोन ओळीत संपण्यासारखं नव्हतंच ते. स्किझोफ्रेनिया, बायपोलरवरच्या संशोधनाला फंड देणाऱ्या टीममध्ये तुला घेतलं, छानच झालं. आता प्रपोजल्सचा ढीग येईल आणि त्यातली निम्मी इतकी देखणी असतील की सगळ्यांनाच हो म्हणावंसं वाटेल, मेंदूचे रंगीत स्कॅन, जनुकं, एआय, सगळं असेल त्यात. वाच मनसोक्त. फक्त प्रत्येक वेळी एवढं विचार, आपण पैसे नाही दिले तर हे दुसरं कोणी करेल का? करणार असेल तर आपल्याला कसली घाई.

कंपनीला पेटंट लागतं, त्यात पाप काही नाही, धंदाच आहे तो. पण मग लिथियमसारख्या, म्हणजे बायपोलरवरच्या साध्या क्षाराच्या औषधाचं काय होतं बघ ना. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने मेनियाच्या (अतिउत्साहाच्या झटक्याच्या) पेशंटना ते दिलं, चांगला फरक दिसला, आणि अमेरिकेत मान्यता मिळायला 1970 उजाडलं. विषबाधेची भीती होती हे खरंय, पण ते कोणाच्या मालकीचंच नव्हतं हेही तितकंच खरं, मग त्याच्यासाठी धावपळ करणार कोण? डेन्मार्कचा मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स स्काउ वर्षानुवर्षं चिकटून राहिला, असे थोडे लोक होते म्हणून निभावलं.

दुसरं, नवं औषध जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे का, हे कंपनीला विचारायचं नसतं. ते विचारलं सरकारी पैशाने, अमेरिकेच्या मानसिक आरोग्य संशोधन संस्थेने, एनआयएमएचने, कॅटी नावाच्या ट्रायलमध्ये. स्किझोफ्रेनियाचे जवळपास 1500 पेशंट, रिझल्ट 2005 ला आले. परफेनाझिन हे 1950 च्या दशकातलं स्वस्त औषध बहुतेक नव्या महागड्यांच्या बरोबरीला उतरलं, नव्यांपैकी ओलान्झापिन जरा जास्त टिकलं पण वजन वाढवून. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आकडा वेगळाच आहे, 18 महिन्यांत 74 टक्के लोकांनी त्यांना दिलेलं औषध सोडलं किंवा बदललं. गोळी कागदावर चालते आणि माणसाला झेपत नाही, ही गोष्ट सहा-आठ आठवड्यांच्या ट्रायलमध्ये कधीच नीट दिसणार नाही, म्हणून फॉलोअप, म्हणजे पेशंटवर नजर ठेवणं, किती काळ आहे ते आधी बघत जा.

आता रडार ट्रायल, स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या गोळ्या कमी करून बघणारी. पेशंट आणि घरचे पहिल्या दिवसापासून विचारतात, ही गोळी किती वर्षं घ्यायची, कमी करता येईल का? कोणती कंपनी यावर पैसे घालेल? ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशाने केलं, 253 लोक घेऊन, काहींचा डोस हळूहळू कमी केला, 2023 ला निकाल आला. आशा होती की डोस कमी झाल्यावर लोकांचं रोजचं जगणं, नाती, कामधंदा सुधारेल. दोन वर्षांनी तसं दिसलं नाही, उलट डोस कमी केलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. तुझ्या कमिटीत कोणीतरी म्हणेल, बघा, पैसे वाया. अजिबात नाही, आता डॉक्टर निदान आकडे समोर ठेवून बोलू शकतो, आधी नुसता अंदाज होता. असा नको असलेला निकालसुद्धा छापला जाईलच, ही अट ग्रँटच्या कागदात घालून घे, तोंडी नको.

याचा अर्थ मूलभूत विज्ञानाला पैसे देऊच नका असं नाही हं. थॉमस इन्सेल 2002 ते 2015 एनआयएमएचचे प्रमुख होते, नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की सुमारे 20 अब्ज डॉलर खर्चून भारी पेपर्स आले पण आत्महत्या किंवा हॉस्पिटलमध्ये भरती होणं कमी झालं नाही, आणि तेव्हापासून जो तो हे वाक्य फेकून मारतो. पण स्किझोफ्रेनियावरचं झॅनोमेलिन बघ. 1990 च्या दशकातलं औषध, पोटाच्या त्रासामुळे फळीवर पडून राहिलं, मग कोणाला तरी सुचलं की मेंदूत फारसं न शिरणारं मूत्राशयाचं जुनं औषध, ट्रॉस्पियम, सोबत देऊन तो त्रास दाबू. सुरुवातीच्या धोक्याच्या टप्प्यात ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेने पैसे घातले होते. सप्टेंबर 2024 मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, मान्यता मिळाली, जुन्या औषधांसारखं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला थेट न अडवणारं स्किझोफ्रेनियाचं औषध, इतक्या दशकांनी. आणि दोनच महिन्यांनी त्याच दिशेचं दुसरं औषध, एम्राक्लिडिन, फेज 2 मध्ये, म्हणजे चाचणीच्या मधल्या टप्प्यात, आपटलं, प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) बरं ठरलंच नाही. तेव्हा एकाच घोड्यावर सगळं लावू नकोस.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या जुन्या औषधाकडे मात्र मुद्दाम लक्ष दे. 1988 च्या ट्रायलमध्ये, बाकी औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी 30 टक्के लोकांना त्याने फरक पडला, तुलनेच्या औषधाने फक्त 4 टक्क्यांना. तरी ते कमी वापरलं जातं, कारण रक्ततपासण्या कराव्या लागतात, वजन वाढतं, बद्धकोष्ठता होते, लाळ गळते. हे त्रास कसे आवरायचे, वाढतं वजन आवरायला मेटफॉर्मिनसारखी डायबेटीसची स्वस्त गोळी किती लवकर सुरू करायची, असली प्रपोजल्स दिसायला अगदी कंटाळवाणी असतात, कव्हरवर छापण्यासारखं काही नसतं त्यात, आणि नेमकी तीच ढिगात खाली राहतात.

अजून एक, निवड समितीत आजार भोगलेली माणसं आणि घरचे घ्या, आणि बाकीच्यांना देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या. नुसतं नावापुरता सही करायला असा एकच जण, असं नको, दोघं-तिघं तरी हवेत म्हणजे बोलायला बळ येतं.

पहिल्या राउंडची यादी झाली की पाठव, मी बघते. सोबत नाकारलेल्यांचीही दे, मला ती आधी वाचायचीय.